एकटी लढणारी ब्रिगेड

२६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजयदिनी, लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी द्रास येथे ‘रुद्र’ ब्रिगेडची घोषणा केली. पायदळ, यांत्रिक पायदळ, रणगाडे, तोफखाना, विशेष दले आणि वैमानिकरहित विमाने ही सगळी अंगे एका ब्रिगेडखाली नांदतील आणि त्यांच्यासाठी रसदेची व लढाऊ साहाय्याची व्यवस्थाही खास बेतलेली असेल, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर चर्चा रंगली ती ड्रोनची आणि रणगाड्यांची. रसदेविषयीच्या त्या अर्ध्या वाक्याकडे फारसे कुणी वळले नाही. खरे तर सारी घोषणा त्या अर्ध्या वाक्यावर उभी आहे.

भारतीय पायदळाच्या नेहमीच्या ब्रिगेडमध्ये साधारणपणे तीन पलटणी असतात आणि एकेका पलटणीत आठशेच्या आसपास जवान. या तिन्ही पलटणी ब्रिगेडियरच्या हुकमतीत. पण त्याला तोफा हव्या असतील, ओढ्यावर पूल टाकायला इंजिनिअर हवे असतील, बंद पडलेल्या गाड्यांसाठी वर्कशॉप हवे असेल, जखमींसाठी शस्त्रक्रियेची सोय हवी असेल, तर त्याला बहुतेक वेळा डिव्हिजनकडे पाहावे लागते. डिव्हिजन देते तेव्हा ते मिळते, आणि काम संपले की परत जाते. ही रचना चुकीची मुळीच नाही. साधने मोजकी असली की ती एका हाती ठेवून गरज पडेल तिकडे वळवणे शहाणपणाचेच असते. अडचण येते ती ब्रिगेडला दूरवर, घाईने आणि एकटीने जावे लागते तेव्हा. ज्या तोफखान्याबरोबर कधी सराव केला नाही, ज्या इंजिनिअरांची तोंडओळखही नाही, त्यांच्याशी पहिली गाठ थेट रणांगणावर पडते.

पंढरीच्या वाटेवर पालखीबरोबर चालणारी प्रत्येक दिंडी आपला शिधा, आपले तंबू, आपले पाणी आणि आपला विणेकरी घेऊन चालते, म्हणून एवढ्या गर्दीतही ती कुणावाचून अडत नाही. स्वतंत्रपणे तैनात होणाऱ्या ब्रिगेडची कल्पना मुळात इतकीच आहे. ती अमलात आणणे मात्र महाकठीण. कुठे आणि कशी फसते, हे पाहायचे तर त्यासाठी परदेशी युद्धशास्त्राची पुस्तके उघडण्याआधी बोरघाट चढून खंडाळ्याला यावे. अडीचशे वर्षांपूर्वी या घाटात एका ब्रिगेडएवढी फौज वर आली होती. तिच्याकडे शिस्त होती, तोफा होत्या, अनुभवी शिपाई होते. तरी ती पुण्याला पोचली नाही.

राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवायचे म्हणून मुंबईकर इंग्रजांनी नोव्हेंबर १७७८ मध्ये फौज काढली. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट निवडक कंपन्या घेऊन पुढे धावला आणि महिना संपायच्या आत त्याने बोरघाट ताब्यात घेतला. ही चाल उत्तम होती. घाटमाथा हाती आला म्हणजे देशावर उतरण्याचे दारच उघडले. पण मुख्य फौज खंडाळ्याला पोचायला २३ डिसेंबर उजाडला. लढणारी माणसे सुमारे ३,९००, आणि त्यांच्यामागे तोफा, दारूगोळा, धान्य व अधिकाऱ्यांचे सामानसुमान वाहणारे १९,००० बैल.

या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे. एका लढवय्यामागे जवळजवळ पाच बैल पडतात. बैल ओझे वाहतो तसा चाराही खातो आणि रोज पाणीही पितो. मावळात पौष-माघात ओढे आटू लागलेले असतात, गवत वाळलेले असते, आणि जे होते तेही मराठ्यांनी मागे राहू दिले नव्हते. एकाच गाडीवाटेवर एवढी जनावरे चालू लागली की रांगेचे शेपूट कित्येक कोस मागे राहते. त्या शेपटाची राखण करायला शिपाई लागतात, आणि राखणीला लावलेला शिपाई लढाईला उरत नाही. फौज जितकी रसद घेऊन निघाली, तितकी ती रसदेची चाकर झाली. खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतचे जेमतेम बारा-तेरा किलोमीटर कापायला तिला अकरा दिवस लागले.

दुसरी खोट नजरेची होती. या फौजेजवळ नाव घेण्याजोगे स्वतःचे घोडदळ नव्हते. घोडदळ म्हणजे त्या काळातले डोळे. शत्रू किती, कुठे, कुठल्या वाटेने येतोय, पुढच्या गावात दाणागोटा आहे की राख, हे सांगणारे स्वार नसले की सेनापतीला टापांचा आवाज कानांवर येईपर्यंत काहीच कळत नाही. मराठी स्वार मात्र रोज चहूबाजूंनी घिरट्या घालत, मागे पडलेली जनावरे हाकून नेत आणि भिवराव पानशांच्या तोफा संधी मिळेल तिथून मारा करून निघून जात. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. झाडावर चढून टेहळणी करताना त्याला तोफेचा गोळा लागला, असे परंपरा सांगते. फौजेतला सर्वांत धडाडीचा अधिकारी स्वतःच तिचे डोळे होऊ पाहत होता. मराठ्यांनी त्याच्या शौर्याला मनापासून दाद दिली. मावळात तो ‘इष्टुर फाकडा’ म्हणून ओळखला जातो आणि वडगावातल्या त्याच्या थडग्याला लोक आजही मान देतात.

तिसरी खोट सर्वांत मोठी. या फौजेला सेनापती होता, पण हुकूम एकाचा चालत नव्हता. मुंबई सरकारने मोहिमेचा कारभार एका समितीकडे सोपवला होता. तिच्यात सेनापती कर्नल एगर्टन, जॉन कार्नाक आणि टॉमस मॉस्टिन होते. मॉस्टिनला पुणे दरबाराची खडान्‌खडा माहिती होती. तोच आजारी पडून मुंबईला परतला आणि १ जानेवारीला वारला. एगर्टनची प्रकृतीही ढासळली. ६ जानेवारीला त्याने सूत्रे खाली ठेवली आणि ती कॉकबर्न या अधिकाऱ्याकडे आली. लढणाऱ्याने कार्नाकचे मन राखायचे आणि कार्नाकने मुंबईच्या कौन्सिलचे, अशी ही साखळी होती.

९ जानेवारीला फौज तळेगावात शिरली तेव्हा गाव जळालेले होते. पुणे उणेपुरे तीस किलोमीटर राहिले होते. गाठीला दोन आठवड्यांहून अधिक दिवस पुरेल एवढा शिधा होता. तरीही समितीचे अवसान गळाले. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटण्यात आल्या, साठे पेटवून देण्यात आले आणि अंधारात माघार सुरू झाली. मराठे वाटच पाहत होते. दुसऱ्या दिवशी कॅप्टन हार्टलीच्या हाताखालच्या देशी शिपायांनी पिछाडी जिद्दीने सांभाळली, म्हणून उरलेली फौज वडगावपर्यंत तरी पोचली. तिथे महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांच्या फौजांनी तिला पुरते वेढले आणि जानेवारीच्या मध्यास इंग्रजांना वडगावचा तह लिहून द्यावा लागला.

इथे एक आक्षेप येईल. ही हार मराठ्यांच्या कर्तबगारीमुळे झाली. तिच्यात फौजेच्या रचनेचा काय संबंध? मराठ्यांची कर्तबगारी निर्विवाद आहे. नाना फडणवीसांनी मुलूख मोकळा केला, पुणेही पेटवून देण्याची तयारी ठेवली, आणि महादजींनी मैदानी झुंज टाळून शत्रूला दमवत आत ओढले. पण त्याच वर्षी, त्याच कंपनीची, तशीच एक फौज मराठ्यांच्याच मुलखातून सुखरूप पार झाली. ती मूळ खोट कुठे होती ते दाखवते.

बंगालहून मुंबईच्या मदतीला निघालेली ती फौज १७७८ च्या उन्हाळ्यात काल्पीहून यमुना ओलांडून निघाली. सहा पलटणी, घोडदळ आणि तोफखाना. पहिला सेनापती लेस्ली बुंदेलखंडातल्या भांडणांत गुंतून महिनोन्‌महिने तिथेच रेंगाळला. ऑक्टोबरात तो वारला आणि सूत्रे कर्नल गॉडर्डकडे आली. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने गॉडर्डला मार्ग निवडण्याची, वाटेतल्या संस्थानिकांशी बोलणी करण्याची मोकळीक दिली. भोपाळच्या नवाबाशी त्याने सलोखा राखला, म्हणून दाणागोटा मिळत गेला. जानेवारीच्या अखेरीस बुऱ्हाणपुरात असताना वडगावची बातमी कळली. त्याने पुण्याचा नाद सोडला आणि सुरतेकडे मोहरा वळवला. सुमारे पावणेपाचशे किलोमीटर वीस दिवसांत कापून फेब्रुवारी संपण्याआधी तो सुरतेला पोचला. त्याच्याही मागे हजारो बाजारबुणगे होते. मुख्य फरक हा की बेत बदलायला त्याला कुणाची परवानगी लागली नाही.

गॉडर्डची गोष्ट मात्र इथे संपत नाही. १७८१ च्या फेब्रुवारीत तोच गॉडर्ड, आता जनरल होऊन, बोरघाटाशी आला. त्याने घाट जिंकला आणि घाटमाथा व खोपोली यांवर ठाण मांडले. आता पुणे दरबार तहाला येईल, असा त्याचा होरा होता. नाना बधले नाहीत. परशुरामभाऊ पटवर्धन, हरिपंत फडके आणि होळकर यांच्या फौजा खाली कोकणात उतरल्या आणि पनवेलहून खोपोलीला येणारे धान्याचे तांडे कापू लागल्या. पुढे शिरायला बळ नाही, मागची वाट सुरक्षित नाही. एप्रिलमध्ये गॉडर्डला पनवेलकडे हटावे लागले आणि त्या माघारीत त्याची चारशेहून अधिक माणसे ठार-जखमी झाली. ज्या सेनापतीने अर्धा हिंदुस्थान ओलांडला, त्याला एका घाटाखालची जेमतेम तीन मुक्कामांची वाट सांभाळता आली नाही. एका हाती हुकूम असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. दोन वर्षांच्या अंतराने याच घाटाच्या वाटेवर दोन वेगवेगळ्या कारणांनी दोन फौजा अडल्या, म्हणून खंडाळा हा लष्करी रचनेचा इतका चांगला धडा आहे.

नजरेचा धडा तर या डोंगरांनी त्याही आधी दिला होता. १६६१ च्या फेब्रुवारीत शायिस्तेखानाचा सरदार कारतलबखान कोकणात उतरायला निघाला आणि कुरवंड्याच्या घाटाने उंबरखिंडीत शिरला. दोन्ही बाजूंनी चढ, दाट झाडी, एकावेळी जेमतेम एकेक माणूस जाईल अशी वाट, आणि पाण्याचा पत्ता नाही. शिवाजी महाराजांनी त्याला आत येऊ दिले आणि दोन्ही तोंडे बंद केली. मोगली सैन्य संख्येने मोठे होते, पण त्या खिंडीत संख्येचा उपयोगच नव्हता. सामानसुमान टाकून, शरण येऊन खानाला परत जावे लागले.

आज त्याच कुरवंड्याच्या परिसरात आयएनएस शिवाजी ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था उभी आहे. १९४५ पासून तिथे जहाजांची इंजिने चालवणारी आणि दुरुस्त करणारी माणसे तयार होतात. स्वतंत्र ब्रिगेडच्या चर्चेत या संस्थेची आठवण व्हायला हवी. युद्धनौका ही जन्मतःच स्वतंत्र तुकडी असते. भर समुद्रात जनरेटर बंद पडला तर ‘वरून माणूस पाठवा’ असे म्हणता येत नाही. म्हणून नौदल दुरुस्ती करणाऱ्याला लढणाऱ्याइतकेच महत्त्व देते आणि त्याला जहाजावरच ठेवते. जमिनीवरच्या सैन्याला ही सवय लावून घ्यावी लागते, कारण जमिनीवर मागे नेहमी कुणीतरी असते, किंवा असेल असे वाटत राहते.

वडगावातून खरा धडा कुणी घेतला असेल तर तो महादजींनी. हार्टलीच्या पिछाडीची शिस्त मराठ्यांनी प्रत्यक्ष अनुभवली होती. पुढे १७८४ मध्ये महादजींनी द बॉयन या अधिकाऱ्याला चाकरीत घेऊन दोन पलटणी उभ्या करायला सांगितले. दहा वर्षांच्या आत त्या दोन पलटणींचे तीन कंपू झाले. एकेका कंपूत पायदळाच्या पलटणी, त्यांच्या स्वतःच्या तोफा, जोडीला घोडदळ आणि अनियमित पायदळ अशी सगळी अंगे होती. आजच्या भाषेत या ब्रिगेडच होत्या. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे त्यांनी राजपुतान्यातल्या मातब्बर फौजा मोडल्या. तोफा ओतायला आग्र्याला कारखाना होता. पण महादजींची खरी दूरदृष्टी दिसते ती पैशाच्या व्यवस्थेत. कंपूंचा पगार थकू नये म्हणून अलीगढकडचा मुलूख तोडून दिला होता आणि त्याचा वसूल थेट फौजेवर खर्च होई. ज्या काळात सैन्ये पगारासाठी सरदाराच्या दारात धरणे धरून बसत, त्या काळात या पलटणींना वेळेवर पैसा मिळे.

या कंपूंचा शेवटही बोलका आहे. वरचे सगळे अधिकारी परके होते. द बॉयननंतर आलेला पेरॉन १८०३ मध्ये ऐन युद्धात इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि बरेच युरोपीय अधिकारी त्याच वाटेने गेले. तरीही सप्टेंबरात असईला शिंद्यांच्या पलटणींनी आणि गोलंदाजांनी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेची जबर हानी केली. गोलंदाज तोफांपाशीच मेले. पण अंगे सगळी असून डोके टिकले नाही.

स्वतंत्र भारताच्या इतिहासात एकट्या ब्रिगेडने काय साधते, याचे उत्तम उदाहरण मराठी मुलखाच्या वेशीवर आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करण्याची मुख्य जबाबदारी मेजर जनरल कँडेथ यांच्या १७ व्या डिव्हिजनवर होती. ती बेळगावच्या बाजूने उतरणार होती. ब्रिगेडियर सगतसिंग यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडला उत्तरेकडून, सावंतवाडी-दोडामार्गाच्या अंगाने, दुय्यम काम होते. शत्रूचे लक्ष विचलित करायचे, एवढेच. डिव्हिजन उडवलेल्या पुलांपाशी खोळंबत असताना सगतसिंगांच्या पलटणी वेगवेगळ्या वाटांनी आत शिरल्या. त्यांत २ पॅरा ही मराठा पलटणही होती. १८ डिसेंबरच्या संध्याकाळी ब्रिगेडची आघाडी मांडवीकाठी बेतीला पोचली आणि १९ ला सकाळी जवान नदी ओलांडून पणजीत गेले. राजधानी दुय्यम काम दिलेल्या ब्रिगेडच्या हाती आली. सगतसिंगांनी हुकमाचा शब्द धरून न बसता त्यामागचा हेतू ओळखला, आणि त्यांच्या छत्रीधारी पलटणी एकत्र वावरलेल्या असल्याने त्यांना हेतू समजावून सांगत बसावे लागले नाही.

एकत्र वावरण्याचे हे मोल याच छत्रीधारी परिवारातल्या एका छोट्या पथकाने कोरियात दाखवले होते. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची ६० वी पॅरा फील्ड अँब्युलन्स १९५० च्या अखेरीस तिथे पोचली, तेव्हा चिनी फौजा खाली सरकत होत्या. प्याँगयाँग सोडा, औषधे आणि उपकरणे टाकून निघा, असा हुकूम आला. उपकरणे टाकली तर फील्ड अँब्युलन्सचे उरते काय? पथकाने स्टेशनात एक जुने वाफेचे इंजिन आणि काही डबे शोधून काढले. इंजिन चालवण्याची जाण असलेले जवान पथकातच होते. बादल्यांनी पाणी भरून बॉयलर तापवला, सगळे सामान चढवले आणि पूल उडवला जाण्याआधी गाडी नदीपार नेली. पुढे मार्च १९५१ मध्ये याच पथकातले डॉक्टर आणि जवान अमेरिकी सैनिकांबरोबर मुन्सानला हवाई छत्रीने उतरले आणि जखमींवर उपचार करत राहिले. पथक वैद्यकीय होते, पण स्वतःच्या पायावर उभे राहणे म्हणजे काय, हे त्याने लढाऊ दलांनाही शिकवावे.

१९८८ मध्ये मालदीवच्या राष्ट्राध्यक्षांविरुद्ध बंड झाले आणि ३ नोव्हेंबरला त्यांनी मदत मागितली. त्याच रात्री ब्रिगेडियर बुलसारा यांच्या हाताखाली त्याच ५० व्या पॅराशूट ब्रिगेडचे जवान आग्र्याहून दोन हजारांहून अधिक किलोमीटर उडून हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरले. उजाडायच्या आत राष्ट्राध्यक्ष सुरक्षित होते. आदेश, विमान आणि जवान एकमेकांसाठी खोळंबले नाहीत. याच्या अगदी उलट चित्र डिसेंबर २००१ नंतर दिसले. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झाले, पण प्रचंड स्ट्राइक कोअर सीमेवर उभ्या राहायला तीनेक आठवडे लागले. तोवर राजकीय संधी निसटली होती. त्यातून लहान, तयार आणि सर्वांगी तुकड्यांचा विचार रुजला. २००४ मध्ये नवी युद्धनीती चर्चेत आली, २०१९ मध्ये अरुणाचलात ‘हिमविजय’ सरावात एकात्मिक युद्धगटांची चाचणी झाली, आणि आता ‘रुद्र’.

जगातही हाच प्रवास झाला आहे, ठेचा खात. १९९९ मध्ये अमेरिकेने आपली अपाची हेलिकॉप्टरे कोसोवोच्या युद्धासाठी अल्बानियात नेली. सगळा लवाजमा जमवता जमवता आठवडे गेले आणि ती युद्धात उतरलीच नाहीत. त्याच वर्षी लष्करप्रमुख शिन्सेकी यांनी ९६ तासांत जगात कुठेही पोचेल अशा ब्रिगेडचे उद्दिष्ट ठेवले. २००४ पासून अमेरिकेने डिव्हिजनकडचा तोफखाना, रसद आणि टेहळणी ब्रिगेडमध्येच कायमची बसवली. इराक आणि अफगाणिस्तानात त्याचा उपयोग झाला. पण ब्रिगेडची संख्या वाढवण्याच्या नादात अनेक ब्रिगेडमध्ये लढाऊ पलटणी तीनऐवजी दोनच ठेवल्या गेल्या, आणि काही वर्षांनी तिसरी परत जोडावी लागली. रशियाने २००८ नंतर डिव्हिजन मोडून ब्रिगेड आणि त्याहून लहान बटालियन युद्धगट उभारले. सहाशे-आठशे माणसे, रणगाडे, तोफा, हवाई संरक्षण असे सगळे त्यांत होते. नव्हते ते पुरेसे पायदळ, आणि एवढी सगळी अंगे हाताळू शकेल असे मुख्यालय. २०२२ मध्ये कीव्हच्या रस्त्यांवर या गटांची इंधनाविना झालेली कोंडी जगाने पाहिली. त्या वर्षाच्या अखेरीस रशियाने पुन्हा डिव्हिजन उभारण्याचे ठरवले. अमेरिकाही मोठ्या युद्धासाठी डिव्हिजनकडे परतत आहे.

मग आपण उलट्या दिशेने निघालो आहोत का? हा प्रश्न गंभीर आहे. भारताकडे तोफा, हवाई संरक्षण आणि इंजिनिअरांची साधने अमर्याद नाहीत. ती ब्रिगेडमागे वाटून टाकली तर जिथे शंभर तोफा एकाच लक्ष्यावर लागायच्या तिथे वीस लागतील. मोठ्या युद्धात हे महागात पडेल. पण भारतापुढचा बहुधा येणारा प्रसंग वेगळा आहे. चिथावणी आणि युद्धबंदी यांच्यामध्ये मिळणारा वेळ थोडा असतो, डोंगरात एक खोरे दुसऱ्यापासून तुटलेले असते, आणि डिव्हिजनची मदत रस्ता उघडा असेल तरच पोचते. अशा ठिकाणी सर्वांगी ब्रिगेड हवीच. सगळ्या ब्रिगेड मात्र तशा करू नयेत. निवडक ब्रिगेडना पूर्ण सामर्थ्य द्यावे, बाकीच्या डिव्हिजनखालीच राहू द्याव्यात. अर्धवट ‘रुद्र’ पन्नास उभ्या करण्यापेक्षा पुऱ्या दहा बऱ्या.

पूर्ण सामर्थ्य म्हणजे आणखी शस्त्रे नव्हेत. १९८२ मध्ये फॉकलंडला गेलेल्या ब्रिटनच्या ३ कमांडो ब्रिगेडची स्वतःची रसद रेजिमेंट होती, म्हणून ती मायभूमीपासून तेरा हजार किलोमीटरवर लढू शकली. तरीही २५ मे रोजी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ जहाज हल्ल्यात पेटले आणि त्याबरोबर चारपैकी तीन चिनूक हेलिकॉप्टरे गेली, तेव्हा जवानांना पाठीवर ओझी घेऊन बेट पायी ओलांडावे लागले. तिचे ब्रिगेडियर ज्युलियन थॉम्पसन यांनी पुढे युद्धातल्या रसदेच्या इतिहासावरच पुस्तक लिहिले. नजरेची साधनेही बदलली आहेत. जे काम स्वार करत ते आज ड्रोन करतात. पण ड्रोनने टिपलेले चित्र डिव्हिजनला जाऊन, तिथून मंजुरी घेऊन तोफेपर्यंत पोचणार असेल, तर ब्रिगेडला डोळे मिळाले तरी हात मिळाले नाहीत, असेच म्हणावे लागेल. आणि तीन पलटणींसाठी आखलेल्या मुख्यालयावर सात अंगांचा भार टाकला, तर रशियाची चूक आपल्या दारात येईल.

म्हणून ‘रुद्र’ची परीक्षा संचलनात करू नये. ब्रिगेडने डिव्हिजनची मदत न घेता, दारूगोळा, डिझेल, सुटे भाग आणि जखमींची व्यवस्था स्वतः सांभाळून, किमान पंधरा दिवस घाटात किंवा वाळवंटात सराव करावा. सरावात तिची मागची वाट मुद्दाम तोडावी. ब्रिगेडियरला बेत बदलण्याचा, स्थानिक बाजारातून खरेदी करण्याचा आणि स्वतःच्या ड्रोन-तोफा स्वतःच्या जबाबदारीवर वापरण्याचा अधिकार लेखी द्यावा. तोफखाना आणि वर्कशॉपच्या तुकड्या दर दोन वर्षांनी बदलून त्यांची पायदळाशी झालेली ओळख मोडू नये. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने लष्कराला किती ब्रिगेड झाल्या हे विचारण्याबरोबरच त्यांतल्या किती अशा सरावातून पार पडल्या हेही विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक मिळेल, तेव्हाच या ब्रिगेडना स्वतंत्र म्हणावे.